प्रतिबंधात्मक तपासणी नेमकी कोणापर्यंत पोहोचते? (सातारा-सांगली)

येरळाकाठ

आमच्या गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिराच्या, म्हणजे पूर्वीच्या उपकेंद्राच्या, जन आरोग्य समितीवर यंदा माझी निवड झाली आहे. गाव खटाव तालुक्यातले आहे, एवढे सांगणे पुरेसे व्हावे. समितीच्या पुढच्या बैठकीत असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीचा विषय आहे. ३० वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि रक्तातील साखर वर्षातून एकदा पाहावी, तोंडाची आणि स्त्रियांच्या स्तनांची तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हावी, आणि ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाची तपासणीही त्याच अंतराने व्हावी, असे राष्ट्रीय कार्यक्रमात ठरलेले आहे. हे सर्व मोफत आहे आणि कागदावर त्यात कोणालाही डावललेले नाही.

मागच्या शिबिरांची नोंदवही मी चाळली. सोसायटीचे आजी-माजी संचालक, निवृत्त शिक्षक, आणि सुट्टीत आलेल्या मुलांनी आग्रहाने आणलेले आईवडील, ही नावे पुन्हा पुन्हा दिसतात. यांतील बहुतेकांची तपासणी साताऱ्यात खाजगीत आधीच झालेली असते. आल्याच्या रानात रोजाने भांगलायला जाणाऱ्या बायका, वीटभट्टीवरची कुटुंबे आणि माळावरची मेंढपाळ वस्ती यांची नावे मात्र शोधूनही क्वचित सापडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया १.९ टक्के होत्या. हा आकडा वाचल्यावर आमच्या गावाला वेगळा दोष द्यावा असे वाटत नाही.

माझा प्रश्न दोन पदरी आहे. एक मोठे शिबिर घ्यावे, की वस्त्यावस्त्यांवर लहान फेऱ्या कराव्यात? आणि जे कधीच येत नाहीत त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा कोणाचा प्रत्यक्ष अनुभव आहे का?

उपकेंद्रातून

मी सांगली जिल्ह्यात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. आपण नोंदवही चाळलीत, हेच पुष्कळ झाले. बहुतेक समित्यांचे सदस्य नोंदवहीवर केवळ सही करतात.

सपाट भागात पाच हजार आणि डोंगरी भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, हा निकष आहे. तपासणीची सुरुवात आशाताई घरोघरी भरतात त्या प्रश्नावलीने होते. वय, कंबरेचा घेर, व्यसन, व्यायाम आणि घरातील आजार यांना गुण असतात, आणि चारपेक्षा जास्त गुण झाले की त्या व्यक्तीला प्राधान्याने तपासणीला बोलवायचे असते. आमच्या अडचणी याच पायरीवर सुरू होतात. "तंबाखू खाता का?" असे विचारल्यावर साठीची बाई ठामपणे "नाही" म्हणते आणि ते खरेच असते, कारण ती तंबाखू खात नाही. ती रोज दोनतीन वेळा मिश्री लावते आणि तिच्या लेखी ते दात घासणे असते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, त्यामुळे तिच्या तोंडाची तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी. तरीही व्यसनाच्या प्रश्नात तिचा गुण शून्य पडतो. मी आशाताईंना आता थेट "मिश्री किती वेळा लावता?" असेच विचारायला सांगितले आहे.

दुसरी अडचण मोबाइलची आहे. आभा क्रमांक, म्हणजे आरोग्य नोंदींचा ओळख क्रमांक, काढताना ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो. तो मोबाइल नवऱ्याच्या खिशात असतो आणि नवरा मुंबईत असतो. तोपर्यंत बाईचा कामाचा दिवस मोडतो आणि ती उठून जाते.

वडापवाला

शिबिराच्या बॅनरवरचा नेत्यांचा फोटो हा रक्तदाबाच्या यंत्रापेक्षा लहान असावा, एवढा एक ठराव समितीने करावा अशी माझी नम्र सूचना आहे. आमच्याकडे तर फोटो चौदा होते आणि यंत्र एक होते, तेही उद्घाटनाच्या भाषणांपर्यंत पिशवीतच होते.

संख्याशास्त्री_मिरज

सर्वांचा उत्साह मान्य करून एक विरोधी मत मांडतो. निरोगी प्रौढांच्या सर्वसाधारण आरोग्य तपासण्यांवरील चाचण्यांचा कोक्रेन संस्थेने २०१२ मध्ये आढावा घेतला आणि २०१९ मध्ये तो अद्ययावत केला. अशा तपासण्यांमुळे एकूण मृत्यू, हृदयरोगाचे मृत्यू किंवा कर्करोगाचे मृत्यू यांत घट आढळली नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. मग जे शिबिराला येत नाहीत ते फार काही गमावत आहेत, हे आपण कशावरून गृहीत धरतो? गरिबाला तपासणी मिळत नाही, याचे दुःख करण्याआधी त्या तपासणीने श्रीमंताचे तरी काय भले झाले, हे पाहायला हवे. खाजगी प्रयोगशाळांची ऐंशी-नव्वद चाचण्यांची 'पॅकेजे' माझ्या ओळखीच्या मंडळींनी घेतली. त्यांतून निष्पन्न झाले ते मुख्यतः पुढच्या चाचण्यांचे कागद.

मिरज_वॉर्ड

संख्याशास्त्री यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, परंतु तो या धाग्यातील तपासण्यांना जसाच्या तसा लागू होत नाही. त्या आढाव्यातील चाचण्या प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतील आहेत. तिथे ज्यांना शिबिर मिळाले नाही त्यांचाही रक्तदाब त्यांचा नेहमीचा डॉक्टर एरवी पाहतच असतो. आपल्याकडे ज्या माणसाच्या दंडाला चाळिशीपर्यंत पट्टा लागलेलाच नाही, त्याच्याविषयी हा निष्कर्ष काढता येणार नाही. शिवाय प्रत्येक तपासणीचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, आणि सुदैवाने त्यातला बराच हिशेब महाराष्ट्रातच मांडला गेला आहे.

उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचे धाराशिव) १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४ झाले. त्याच चाचणीत ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याच्या पद्धतीने, म्हणजे व्हीआयएने, मृत्यूंत लक्षणीय घट दाखवली नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये मात्र प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी हीच पद्धत दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत राबवली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. पद्धत तीच असताना निकाल निराळा आला, याची कारणे अनेक असतील, पण त्यांत पुन्हा पुन्हा केलेल्या फेऱ्यांचा आणि कामाच्या काटेकोरपणाचा वाटा मोठा आहे असे मला वाटते. स्तनांच्या हाताने केलेल्या तपासणीचा मुंबईतील वीस वर्षांचा अभ्यासही आता उपलब्ध आहे. पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, तर त्याहून तरुण स्त्रियांत तसा लाभ दिसला नाही.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. या चाचण्यांतील तुलना गटांत ज्या हजारो स्त्रिया होत्या, त्यांना त्या काळात तपासणी मिळाली नाही, आणि यावर पुढे तीव्र नैतिक आक्षेप घेतले गेले. त्या सर्व स्त्रिया एकतर खेड्यातल्या होत्या किंवा झोपडपट्टीतल्या.

वडापवाला

म्हणजे संख्याशास्त्री साहेबांच्या पॅकेजवाल्यांना तपासणीची गरज नव्हती आणि ती मिळाली, आणि ज्यांना गरज होती त्यांना तुलना गट मिळाला.

आशा_वाळवा

मी आशा आहे, म्हणून मोठ्या अभ्यासांविषयी बोलत नाही, वाळवा तालुक्यातल्या ऊसतोडीच्या फडावरचे सांगते. दिवाळीच्या सुमारास बीड, जत, पाथर्डीकडून ऊसतोड टोळ्या येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कोप्या घालून राहतात. आमच्या गावच्या लोकसंख्येत त्या धरलेल्या नसतात आणि त्यांच्या गावच्या आशाला त्या सहा महिने सापडत नाहीत. अशा रीतीने तपासणीच्या दोन्ही याद्यांतून त्या सुटतात.

पहाटे चारला बाया फडात जातात. दिवसा शिबिर ठेवले तर एका बाईला खाडा पडतो. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता असतो, त्यामुळे ती आली की नवऱ्याचेही काम थांबते आणि दोघांच्या उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेच्या हिशेबातून, पैसे कापले जातात. ज्या तपासणीला आपण मोफत म्हणतो ती तिला एका दिवसाच्या मजुरीला पडते, आणि वर मुकादमाची बोलणी खावी लागतात. म्हणून आम्ही संध्याकाळी सातनंतर कोप्यांवर जातो. चुलीवर भाकरी चाललेली असताना एकेकीचा रक्तदाब बघतो. पोर मांडीवर, एक हात तव्यावर आणि दुसऱ्या हाताला पट्टा, अशा अवस्थेत रक्तदाब चढाच येणार, म्हणून भाकऱ्या होईपर्यंत थांबतो, तिला पाच मिनिटे टेकून बसवतो आणि मग मोजतो.

आणखी एक. या बायांमध्ये तिशीपस्तिशीतच गर्भपिशवी काढलेल्या पुष्कळ आहेत. २०१९ मध्ये यावर सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली होती. या बाया स्वतः सांगतात की अंगावरून पांढरे जात होते, डॉक्टरांनी कॅन्सर होईल म्हणून सांगितले आणि पिशवी काढून टाकली. यांतल्या कोणाचीही आधी साधी तपासणी झाली होती असे मला आजवर ऐकायला मिळालेले नाही.

मिरज_वॉर्ड

आशाताई, आपण शेवटच्या परिच्छेदात लिहिलेले फार गंभीर आहे. पांढरे जाणे हे बहुतेक वेळा औषधाने बरे होणाऱ्या संसर्गाचे लक्षण असते. तपासणीची सोय नसली म्हणजे बाईला काहीच उपचार मिळत नाही असे आपण समजतो. इथे तिला नको असलेला आणि सर्वांत महागडा उपचार मिळाला.

पूर्वभाग_जत

आमच्या जत तालुक्याच्या पूर्व भागात अनेक गावांत घरात कन्नड बोलतात. प्रश्नावली मराठीत असते, सल्ल्याची पत्रके मराठीत असतात, आणि बदलीवर आलेल्या कर्मचाऱ्याला कन्नडचे चार शब्दही येत नाहीत. पुरुषांना बाजाराचे मराठी येते, त्यामुळे त्यांचे निभावते. माझ्या आजीला तिच्या सुनेने दुभाषी बनून प्रश्न विचारले, आणि सुनेसमोर आजीने अंगावरून जाण्याविषयीच्या प्रत्येक प्रश्नाला नकार दिला. आमच्या सध्याच्या आरोग्य सेविका सीमेपलीकडच्या माहेरच्या आहेत. त्या आल्यापासून बायका आपणहून उपकेंद्रात जाऊ लागल्या आहेत. यंत्रसामग्री आधीची तीच आहे.

विट्याची_सून

खानापूर-आटपाडीकडचे पुरुष गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेले असतात. माझे यजमान तमिळनाडूत आहेत. सोने-चांदी गाळताना आम्लाचा धूर आणि भट्टीची धग यांत त्यांचे दिवस जातात. गावी येणे यात्रेला आणि लग्नसराईत होते. तपासणीची मोहीम ऑक्टोबरमध्ये आणि पुरुष गावात मे महिन्यात, असा हा मेळ आहे. यात्रेत देवळाच्या आवारातच टेबल टाकून रक्तदाब आणि साखर बघायची व्यवस्था एका वर्षी आमच्याकडे झाली होती, आणि त्या दिवशी जेवढे पुरुष रांगेत उभे राहिले तेवढे मी एरवी कोणत्याही आरोग्य कार्यक्रमात पाहिलेले नाहीत. पुढच्या वर्षी तो कर्मचारीवर्ग दुसऱ्या मोहिमेला जुंपला गेला आणि टेबल लागलेच नाही.

स्पष्टवक्ता

मला या सर्व चर्चेत एक गोष्ट खटकते. उपकेंद्र गावात आहे, तपासणी मोफत आहे, २०२३ पासून सरकारी दवाखान्यात केस पेपरचेही पैसे लागत नाहीत. यात्रेला जायला, लग्नाला जायला दिवस मोडता येतो आणि स्वतःच्या आरोग्यासाठी मोडता येत नाही, हे कसे? सर्व काही दारात आणि चुलीपाशी नेऊन द्यायचे ठरवले तर कर्मचारी किती लागतील याचा विचार कोणी करणार आहे की नाही?

आशा_वाळवा

स्पष्टवक्ता दादा, आपल्याला कार्यालयातून तपासणीसाठी रजा मिळत असेल. खाड्याला रजा म्हणत नाहीत.

मिरज_वॉर्ड

स्पष्टवक्ता यांनी कर्मचाऱ्यांविषयी विचारलेला प्रश्न रास्त आहे. आधीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र जुने आहे. वेल्समधील खाणकामगारांच्या गावात आयुष्यभर काम केलेले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक निरीक्षण मांडले होते, की चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता लोकांच्या गरजेच्या व्यस्त प्रमाणात असते. ते हे लिहीत होते तेव्हा ब्रिटनमध्ये आरोग्यसेवा दोन दशकांपासून मोफत होती. फी काढून टाकली तरी अंतर, वेळ, बुडणारी मजुरी आणि समोरच्याची वागणूक यांची किंमत उरतेच. याच डॉक्टरांनी आपल्या गावातील जवळपास प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजून दाखवला होता. जे दवाखान्यात येत नव्हते त्यांच्याकडे ते स्वतः जात असत.

कर्मचाऱ्यांचे म्हणाल, तर जे आपणहून येतात त्यांच्या वारंवार होणाऱ्या तपासणीतला थोडा वेळ वाचवला तरी बराच हाताशी येईल. येरळाकाठ यांच्या नोंदवहीतील संचालक मंडळींना दर शिबिरात रक्तदाब मोजून घ्यायची गरज नाही.

कोयनेपलीकडे

आमचे गाव शिवसागर जलाशयाच्या पलीकडे, कांदाटी खोऱ्यात आहे. लाँच, मग वडाप (प्रवासी जीप), मग एसटी असा प्रवास करून दवाखाना गाठावा लागतो. म्हणून तपासणीपेक्षा तपासणीनंतर काय होते, याकडे मला लक्ष वेधायचे आहे.

उच्च रक्तदाबाच्या नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातून पहिल्यांदा निवडलेल्या चार जिल्ह्यांत भंडारा, वर्धा आणि सिंधुदुर्ग यांच्याबरोबर आपला सातारा होता. मोजक्याच औषधांची ठरलेली पायरीपद्धत, एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या, घराजवळ पाठपुरावा आणि जो रुग्ण आला नाही त्याला फोन, असे त्याचे साधे स्वरूप आहे. माझ्या चुलत्यांचा रक्तदाब पूर्वी तालुक्याच्या शिबिरात दरवेळी वाढलेला निघायचा, दरवेळी त्यांना आठ दिवसांच्या गोळ्या मिळायच्या आणि नवव्या दिवशी उपचार संपायचा. महिन्याच्या गोळ्या मिळू लागल्यापासून ते नियमित झाले. मात्र पावसाळ्यात लाँच बंद पडली की पुन्हा खंड पडतो. आमच्यासारख्या गावांना जूनमध्येच तीन महिन्यांचा साठा का देऊ नये, असे मी विचारले, तर नियमात बसत नाही असे उत्तर मिळाले.

आणि आमचे निम्मे पुरुष मुंबईत माथाडी कामाला आहेत. त्यांचे नाव गावच्या यादीत, मनुष्य मुंबईच्या बाजारात. गावात रक्तदाब निघाला तरी गोळ्या तिकडे सुरू राहतील याची जबाबदारी कोणावर आहे, हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

येरळाकाठ

सर्वांचे आभार. आपल्या प्रतिसादांच्या आधारे बैठकीपुढे मी असे मांडणार आहे, की मोठे शिबिर रद्द करून वीटभट्टी, मेंढपाळ वस्ती आणि ऊसतोडीच्या कोप्या येथे संध्याकाळच्या फेऱ्या घ्याव्यात आणि यात्रेच्या दिवशी देवळाजवळ पुरुषांसाठी टेबल लावावे. एका बाबतीत मार्गदर्शन हवे आहे. गर्भाशयमुखाची तपासणीही याच संध्याकाळच्या फेऱ्यांत, समाजमंदिरात पडदे लावून उरकता येईल का? म्हणजे बायकांना दोनदा यावे लागणार नाही.

उपकेंद्रातून

कृपया तसे करू नये. रक्तदाब, साखर आणि तोंडाची तपासणी वस्तीवर होऊ शकते. तोंडासाठी चांगली टॉर्च आणि हातमोजे पुरतात, आणि आ करून स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का, हे पाहिले तरी गुटख्याने जबडा आखडलेले तरुण लगेच लक्षात येतात. व्हीआयएसाठी मात्र टेबल, भक्कम उजेड, निर्जंतुक साधने आणि संपूर्ण आडोसा लागतो. ॲसेटिक ॲसिड लावल्यावर एक मिनिट थांबून पांढरा डाग उमटतो का, हे पाहायचे असते आणि अंधुक उजेडात तो सुटतो. पडद्याआड पुरुषांचे आवाज ऐकू येत असतील तर बाई पुन्हा आयुष्यात येणार नाही. ज्यांची पाळी जाऊन बरीच वर्षे झाली आहेत त्यांच्यात ही पद्धत कमी भरवशाची ठरते, त्यामुळे अशा बायकांनाही रांगेत उभे करून आकडा वाढवू नये.

आम्ही यासाठी दुपारी दोन ते चार ही वेळ ठेवतो, आणि दर वेळी एकाच वस्तीच्या सात-आठ बायकांना एकत्र बोलावतो. एकीने शेजारणीला सोबत आणले की दोघींची भीती कमी होते. जिच्यात डाग दिसेल तिला चिठ्ठी देऊन एकटीला पाठवू नये, आशाताईंनी सोबत जावे आणि गाडीभाड्याची तरतूद समितीने आपल्या निधीतून आधीच करून ठेवावी.

संख्याशास्त्री_मिरज

आता माझे मत येरळाकाठ यांच्या बाजूने झुकले आहे, एका अटीवर. समितीने वर्षाअखेरीस किती जणांची तपासणी झाली हा आकडा विचारूच नये. तीन आकडे विचारावेत: ज्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला त्यांपैकी किती जणांचा शेवटच्या भेटीत १४०/९० च्या खाली होता, संशयित म्हणून पुढे पाठवलेल्यांपैकी किती जण मोठ्या दवाखान्यात प्रत्यक्ष पोहोचले, आणि हे दोन्ही आकडे गावठाण, वस्त्या आणि स्थलांतरित असे वेगळे काढल्यावर किती येतात. एकत्र सरासरीत गावठाणातले लोक बाकीच्यांना झाकून टाकतात.

येरळाकाठ

तिसरा आकडा काढायला स्थलांतरितांची यादीच आमच्याकडे नाही. टोळ्या दर आठ-पंधरा दिवसांनी फड बदलतात. आशा_वाळवा ताई, आपण ती कशी ठेवता?

आशा_वाळवा

मतदारयादीवरून किंवा रेशनकार्डावरून करायला जाऊ नका, त्यांची नावे त्यात नसतात. वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक टोळीच्या मुकादमाचे नाव, त्याचा मोबाइल आणि मूळ गाव लिहा. मुकादम आशाचे ऐकेलच असे नाही, म्हणून पहिला फोन सरपंचांना किंवा कारखान्याच्या शेतकी विभागातल्या माणसाला करायला सांगा. कोणती टोळी उद्या कोणत्या फडात आहे हे चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, रोज ठाऊक असते, त्याला समितीच्या बैठकीला बोलवा. टोळी परत जायला निघाली की ज्यांच्या गोळ्या सुरू आहेत त्यांना महिनाभराच्या गोळ्या आणि रक्तदाबाचे आकडे लिहिलेले कार्ड द्या, आणि त्यांच्या गावच्या आशाचा नंबर मिळवून तिला त्याच दिवशी कळवा.